जिवनबाईचं लेकरू

दगडोबा पोले ग्रामपंचायतीतून परतले ते टोपी हातात धरून. ओसरीत बसलेल्या त्यांच्या सुनेने, राजनंदिनीने, ते लांबूनच पाहिलं. आंघोळ आणि झोप सोडली तर मामा डोक्यावरची टोपी काढत नसत. गेल्या वर्षी एकदा भरदिवसा काढली होती. तो दिवस तिला आठवायचा नव्हता.

बाळ मांडीवर झोपलेलं होतं. बाजूला मोबाइल, त्यावर सेकंद धावत होते. बाळाचं पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन, असं ती मिनिटभर मोजायची. साठाच्या आत भरलं की मोबाइल ठेवून द्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलायची. हे तिला हिंगोलीच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. शिकवलं तेव्हा फार उशीर झाला होता, पण ते बाळ वेगळं, आधीचं.

"काय म्हणले साहेब?" तिने विचारलं.

सासरे सुनेशी सरळ बोलत नसत. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का गं? साहेबानं बोलावलंय. लेकरू घेऊन या म्हणला, अन ज्या बाईच्या पोटचं हाय तिला बी. आत्ताच्या आत्ता. न्हाईतर पोलिसाला फोन लावतो म्हणला."

सासू द्वारकाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "पोलीस? काहून? काय बोलून आलात तुमी तिथं?"

"खरं ते बोललो. त्यानं इचारलं, लेकरू कुणाचं. म्हणलं, जिवनबाईचं. तो म्हणला, मग नोंदवायला तुमी काहून आलात? म्हणलं, आमीच तर विकलं तिला."

द्वारकाबाईंना यात काही वावगं दिसलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, पुढचं ऐकायला. राजनंदिनीने मात्र त्या एका शब्दासरशी बाळ जवळ ओढलं. विकलं. घरात हा शब्द गेले तीन आठवडे इतका सहज वावरत होता की तो बाहेरच्या माणसाच्या कानावर कसा पडेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ग्रामसेवक तर सांगलीकडचा, नोकरीवर नवा कोरा. त्याला काय माहीत, इकडे लेकरू कशाला विकतात.

पहिलं बाळ हिंगोलीच्या दवाखान्यात झालं होतं. मुलगा. नाव तिने आधीच ठरवून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी फोटो काढून स्टेटसला टाकला, दीडशे जणांनी बघितला. नोंद दवाखान्यानेच केली. दाखला हातात आला तेव्हा तिने तो लॅमिनेट करून आणला. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, सगळं ठळक. पुढच्या आठवड्यात बाळाला धाप लागली, आणि मग त्याच नावाचा दुसरा दाखला काढावा लागला. दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, एकमेकांना चिकटून, कपाटात होते. त्या दिवशी मामा टोपी हातात धरून गावाबाहेर गेले होते. कापडात गुंडाळलेलं गाठोडं त्यांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नव्हतं.

न्यूमोनिया होता, हे राजनंदिनीला माहीत होतं. ती बी.एस्सी. झालेली. जंतू कसे वाढतात हे तिने परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पण मन काही आकृतीवर चालत नाही. मनात एक गोष्ट पक्की बसली होती: आधी कागद झाला, मग बाळ गेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी ती कुणाला काही म्हणाली नाही. हे बाळ घाईचं निघालं. दवाखान्याची गाडी फाट्यावर पोचायच्या आत घरातच झालं. नवरा सोमेश्वर हार्वेस्टर घेऊन मध्य प्रदेशात गेलेला. गावातली आशाताई मिना धावत आली, तिने नाळ कापली, बाळ पुसलं. तिची पाठ वळली तशी द्वारकाबाईंनी बाळ सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. तिथे तांड्यावरची जिवनबाई येऊन उभीच होती, बोलावलेली. जिवनबाईला आठ लेकरं झाली आणि आठही जगली. गावातल्या बाया तिच्या हाताला मान देत ते उगाच नाही.

"कुणाचं हाय हे लेकरू?" जिवनबाईने मोठ्याने विचारलं.

"कुणाचंच न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. आत बाजेवर पडलेल्या राजनंदिनीने तिन्ही वेळा ते ऐकलं आणि पदर दातात धरला. मग जिवनबाईने मूठभर कोंडा द्वारकाबाईंच्या ओटीत टाकला. "घेतलं मी," म्हणाली. सूप उचलून आत आली, बाळ राजनंदिनीच्या कुशीत ठेवलं आणि बजावलं, "हे माहं लेकरू हाय. तू नुसतं पाजायचं. जावळ होईस्तोवर तोंडानं माहं म्हणायचं न्हाई. तुहं हाय हे कळलं तर नेणारा परत यील." बाळाला नाव पडलं केरू. केरासारखं टाकलेलं, कुणाला नकोसं. असल्या लेकरावर कुणाचा डोळा जात नाही.

राजनंदिनीला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अंधश्रद्धा आहे. कुणी विचारलं नाही. आणि नियम पाळला तो तिनेच सगळ्यांत कडक. फोटो नाही, स्टेटस नाही. नवऱ्याला फोनवर सांगायची, "जिवनबाईचं लेकरू आज लई रडून राहिलं." एकटीच बाळाला घेऊन बसली तरी तो शब्द ओठावर येऊ द्यायची नाही. जिवनबाई रोज येई, बाळाची टाळू हुंगे, म्हणे, "माहं केरं ते, माहं घाण ते." राजनंदिनी तिच्या बोटांकडे बघत राही. ती बोटं बाळाला किती घट्ट धरतात आणि सोडताना किती वेळ लावतात, तेही ती मोजत असे.

आता द्वारकाबाई म्हणाल्या, "मग त्याच्यात काय एवढं? जिवनबाईचं नाव लिवू द्या. जावळ झालं की बदलून घेऊ."

"कागदावरचं नाव जावळासारखं उतरत न्हाई, आत्याबाई," राजनंदिनी म्हणाली. "शाळा, आधार, जातीचा दाखला, सगळं त्याच्यावरच चालतं. एकदा जिवनबाईचं लागलं तर मी त्याची कुणीच न्हाई."

"मग तुहं लिव. अन मागल्यासारखं झालं तर?"

तिलाही तेच विचारायचं होतं.

"एकवीस दिवसाच्या आत नोंदवा म्हणून मिनानं दोनदा सांगितलं," दगडोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हणून गेलतो. मह्या तोंडून न्हाई निघालं आपल्या घरचं म्हणून. काय करू. जीभच उचलली न्हाई."

बाळंतिणीने सव्वा महिन्याच्या आत उंबरा ओलांडू नये, पण पोलिसाचं नाव निघाल्यावर कसला उंबरा. द्वारकाबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना येणं होईना. त्यांनी सुनेच्या कानाला फडकं बांधलं, बाळाच्या गालावर, तळव्यावर काजळ फासलं आणि लोखंड जवळ असावं म्हणून अडकित्ता तिच्या हातात दिला. दगडोबांनी शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर तांड्याला निरोप धाडला होता. जिवनबाई ग्रामपंचायतीच्या पायरीवर आधीच बसलेली होती.

ग्रामसेवक कुलदीप याचं वय राजनंदिनीएवढंच असेल. टेबलावर संगणक, शेजारी प्रिंटर, आणि खिडकी सताड उघडी. खिडकीबाहेर पारावर चार माणसं सोयाबीनच्या भावावर बोलत होती. ती आत काय चाललंय हे बघायला वळली. कुलदीपने आधी बाळाकडे पाहिलं, मग राजनंदिनीच्या हातातल्या अडकित्त्याकडे, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. मग जिवनबाईकडे वळला. "आजी, हे मूल तुमचं?"

"व्हय. माहं."

"तुमचं वय काय?"

"आसंल साठ."

"आणि तुम्हाला मूल झालं?"

"झालं न्हाई. घेतलं."

"कुणाकडनं?"

"यायच्याकडून." जिवनबाईने हनुवटीने दगडोबांकडे दाखवलं.

"काय देऊन?"

"मूठभर कोंडा," जिवनबाई म्हणाली. "चांगला कोंडा होता, साहेब. गव्हाचा."

खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं. कुलदीप हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आलेला राजनंदिनीला दिसला, आणि तिला कळलं की हा माणूसही घाबरला आहे. घाबरलेला साहेब रागावलेल्या साहेबापेक्षा वाईट. रागावलेला शांत होतो. घाबरलेला स्वतःची मान सोडवायला वर कळवतो.

"बघा," तो म्हणाला, "माझी नोकरी नवीन आहे. मी आशाताईंना फोन लावला, त्या ट्रेनिंगला गेल्यात, फोन बंद. तुमच्याकडे दवाखान्याचा कागद नाही. काका म्हणतात विकलं, आजी म्हणतात घेतलं. असलं काही कानावर आल्यावर मी गप्प बसलो तर उद्या मी आत जाईन. मला कळवावंच लागेल. चौकशी होईपर्यंत बाळ कुठे ठेवायचं ते वरचे ठरवतील."

"कुठं म्हंजे?" दगडोबा म्हणाले.

"संस्थेत वगैरे. माझ्या हातात नाही ते."

त्याने मोबाइल उचलला. राजनंदिनीला त्याचा अंगठा काचेवर सरकताना दिसला. तिच्या मांडीवर बाळाने झोपेत ओठ हलवले, चोखल्यासारखे, आणि तिला दूध दाटून आलं. संस्थेत. तिथे याचे श्वास कोण मोजणार?

"मामा, सांगा ना," ती पुटपुटली.

दगडोबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. टोपी त्यांनी दोन्ही हातांनी पिळली आणि ते जमिनीकडे बघत राहिले.

तिने जिवनबाईकडे पाहिलं. जिवनबाईने मान हलवली, अगदी थोडी. बोलू नको.

तेव्हा राजनंदिनीच्या डोक्यात एक गोष्ट चमकली. बोलायचं नाही, असं ठरलं होतं. लिहायचं नाही, असं कुणीच म्हणालं नव्हतं. नेणारा ऐकतो म्हणतात. त्याला वाचता येतं, असं कुणाच्या आजीने कधी सांगितलेलं नाही.

"सर," ती म्हणाली, "फोन नका लावू. फॉर्म द्या. मी भरते."

तिच्या पुस्तकी मराठीने तो थबकला. अंगठा थांबला. त्याने फॉर्म पुढे सारला, पेन दिलं. तिने बाळ डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने लिहायला लागली. जन्म दिनांक. लिंग. बाळाचं नाव या जागी तिने आडवी रेघ मारली. नाव नंतर घालता येतं, हे तिने मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. वडिलांचं नाव. जन्माचं ठिकाण, घर. मग आईचं नाव.

राज, एवढं लिहिलं आणि पेन अडलं.

पाचवीच्या दिवशी आत्याबाईंनी पाटा मांडला होता. पाट्यावर हळद, कुंकू, बाजरीच्या उंड्या, आणि शेजारी कोरा कागद आणि पेन. सटवाई येते, लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून. सकाळी राजनंदिनीने चोरून तो कागद उलटापालटा करून पाहिला होता. कोरा होता. पण जिच्यासाठी पेन ठेवायचं ती लिहिणारी. आणि जिला लिहिता येतं तिला वाचता येत नसेल कसं?

समोर कुलदीप बघत होता. मोबाइल अजून त्याच्या मुठीत होता, उजेड लागलेला. तिने उरलेली अक्षरं घाईने उरकली, वेडीवाकडी. अक्षर कुणाला लागू नये असं.

पुढचे रकाने तिने न थांबता भरले आणि फॉर्म परत सारला. सुटले, असं तिला वाटलं. तोंडातून तो शब्द निघाला नव्हता.

कुलदीपने फॉर्म संगणकाशेजारी उभा केला आणि टाइप करायला लागला. त्याला मोठ्याने वाचत टाइप करायची सवय होती. चुका होत नाहीत, म्हणून. शाळेत पाढे म्हणावेत तसा तो एकेक रकाना खणखणीत वाचत होता. आता पुढे काय वाचलं जाणार हे राजनंदिनीला कळलं तेव्हा त्याचं वडिलांचं नाव वाचून झालं होतं.

"सर, हळू..."

"आईचे नाव," कुलदीप म्हणाला, "राजनंदिनी, सोमेश्वर, पोले. नंदिनी की नंदीनी? पहिली वेलांटी ना? राज, नंदिनी. आई, राजनंदिनी सोमेश्वर पोले. बरोबर?"

खिडकी उघडी होती. पारावरची माणसं गप्प झाली होती. जिवनबाईने पटकन बोटं मोडली आणि तोंडातल्या तोंडात तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत, काहीतरी म्हटलं. नाव खोलीत तीनदा घुमलं होतं, कुणालाही ऐकू जाईल असं.

राजनंदिनीने मान हलवली.

कुलदीपने पडद्यावरची नजर काढली नाही. "तोंडाने सांगा, ताई. मघापासून तुम्ही तिघं तीन गोष्टी सांगताय. मूल कुणाचं?"

तिने बाळाचे दोन्ही कान झाकले. हात एकच मोकळा होता, म्हणून दुसरा कान तिने छातीशी दाबला.

"माझं," ती म्हणाली.

जन्मल्यापासून त्याच्याबद्दल हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला. बाळ झोपेत दचकलं. दोन्ही हात वर फेकले गेले, बोटं ताठ. दगडोबा उठून उभे राहिले. असं दचकणं लहान बाळांत असतंच, ती हे शिकलेली होती. त्याला नावही आहे, इंग्रजी. ते तिला त्या क्षणी आठवेना.

"ठीक," कुलदीप म्हणाला आणि पुढे वाचायला लागला. आईचं शिक्षण. आईचं वय. "आईला आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुले, या मुलासह: दोन." तो थांबला. "दोन? पहिलं घरी आहे का?"

त्याने वर पाहिलं. राजनंदिनीच्या कानावरचं फडकं, बाळाच्या गालावरचं काजळ, तिच्या मांडीवरचा अडकित्ता, आणि दगडोबांची चुरगळलेली टोपी. हे सगळं मघाशीही तिथेच होतं.

"न्हाई," दगडोबा म्हणाले.

कुलदीपने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग उठून त्याने खिडकी लावून घेतली. उरलेला फॉर्म त्याने मनात वाचत भरला, ओठही न हलवता. आशाताई परतल्या की त्यांची सही घेऊन ठेवीन, एवढंच म्हणाला. काय, कसं, कशासाठी, हे काही विचारलं नाही. तिला त्याचे आभार मानायचे होते. पण खिडकी आधी लावली असती तर, हेच तिच्या मनात येत राहिलं.

प्रिंटर घरघरला. दाखला बाहेर आला, गरम. बाळाच्या नावाच्या जागी काही नव्हतं, आईच्या नावाच्या जागी ती होती. तिने तो लॅमिनेट करायचा नाही हे तिथेच ठरवलं. घडी घालून पोलक्यात खोचला.

बाहेर येताच जिवनबाईने बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. राजनंदिनीला वाटलं, ती घरी न्यायला घेते आहे. पण जिवनबाई ग्रामपंचायतीच्या मागच्या बाजूला वळली. तिथे पालापाचोळा, कुणीतरी टाकलेला सोयाबीनचा भुसा, फुटकी मडकी असा ढीग होता. जिवनबाईने डोक्यावरची ओढणी काढली, ढिगावर अंथरली आणि बाळ त्याच्यावर ठेवलं. मागे सरली.

"जिवनबाई, थंडी हाय, त्याला..." राजनंदिनी पुढे झाली.

जिवनबाईने हात आडवा केला. "समद्या गावानं ऐकलं. आता दुसऱ्यांदा घ्यावं लागंल. उभी राह्य." आणि मग मोठ्याने, आभाळाला ऐकू जाईल अशा आवाजात, "कुणाचं हाय हे लेकरू?"

दगडोबा चार पावलांवर होते, पण ते पाठ फिरवून उभे राहिले होते. द्वारकाबाई इथे नव्हत्या. गेल्या वेळी उत्तर द्यायला त्या होत्या. या वेळी ढिगापाशी राजनंदिनी एकटी होती.

"कुणाचं हाय?"

बाळाने डोळे उघडले. उजेडात ते बारीक झाले. तोंड वाकडं झालं, रडण्याआधी होतं तसं. पोलक्यातला कागद तिला टोचत होता. पाच मिनिटांपूर्वी तिने तोंडाने सांगितलं होतं, साहेबासमोर, पारासमोर, आणि आणखी कुणी ऐकत असेल त्याच्यासमोर.

"बोल, पोरी," जिवनबाई हळूच म्हणाली. तिच्या आवाजात हुकूम नव्हता. तिचेही हात थरथरत होते, हे राजनंदिनीने आज पहिल्यांदा पाहिलं. आठ लेकरांची आई, आणि तिलाही भीती वाटत होती. मग हे सगळं खरंच असणार.

"कुणाचंच न्हाई," राजनंदिनी म्हणाली.

"कुणाचं हाय?"

"कुणाचंच न्हाई."

"कुणाचं?"

बाळ रडायला लागलं होतं, लाल होऊन, मुठी आवळून. तिचं पोलकं दुधाने भिजलं, आतला कागदही भिजत असणार. तिने पदर पुढे धरला.

"कुणाचंच न्हाई ते," ती म्हणाली. "टाकलेलं हाय."

जिवनबाईने ढिगातला मूठभर भुसा उचलून तिच्या पदरात टाकला आणि बाळ ओढणीसकट छातीशी घेतलं. "घेतलं मी," म्हणाली, आणि झपाझपा चालू लागली. राजनंदिनी तिच्या मागे, पदरातला भुसा सांडू न देता. घराच्या वाटेवर बाळाचं रडणं थांबायचं नाव घेईना, आणि दर वेळी ते मध्ये दम घ्यायला थांबलं की तीही पाऊल उचलायची थांबायची. पुन्हा आवाज आला की पुढे निघायची.